पाटी बदलली, शिक्षकाचे काय?

कोल्हापुरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडावे, सांगलीकडे, गारगोटीकडे किंवा पन्हाळ्याकडे, उसाच्या फडांमधून एखाद्या शाळेची कमान डोके वर काढताना दिसते आणि त्या कमानीवर बहुधा 'इंटरनॅशनल' हा शब्द असतो. मार्च-एप्रिलमध्ये याच शाळांची पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरोघर येतात. डिजिटल फळा, स्केटिंग, पोहण्याचा तलाव, पिवळ्या बसगाड्या, सगळ्याची छायाचित्रे त्यात असतात. शाळेत शिकवणार कोण, त्यांना तिथे येऊन किती वर्षे झाली, शिकवण्याचे नवे काही ते स्वतः कधी आणि कुठे शिकतात, याबद्दल पत्रकात सहसा अवाक्षर नसते. पालकही विचारत नाहीत. फी विचारतात, बसचा मार्ग विचारतात, इंग्रजी कितवीपासून हे विचारतात.

वास्तविक 'आंतरराष्ट्रीय' शिक्षणात घेण्यासारखे जे काही आहे, ते नेमके या न विचारलेल्या प्रश्नात आहे. नावावरून अभ्यासक्रम कळत नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. कमानीवर 'इंटरनॅशनल' लिहिलेल्या कितीतरी शाळा आत केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, नाहीतर आपल्या राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवतात. त्यात गैर काही नाही, पण मग ते नाव केवळ शोभेचे ठरते. ज्यांना खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणता येईल असे अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यतः दोन. एक केंब्रिजचा आणि दुसरा १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा, ज्याला सगळे 'आयबी' म्हणतात. भारतात आयबीचे पहिले पाऊल १९७६ मध्ये कोडाईकॅनॉलच्या शाळेत पडले. आज देशात दोनशेहून अधिक शाळा तिच्याशी संलग्न आहेत. त्यांचा मोठा भरणा मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत आहे.

आयबी शाळेला मान्यता देताना इमारतीइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष शिक्षकांकडे देते. शिक्षकांनी तिच्या कार्यशाळा केलेल्या असाव्या लागतात. त्यांना एकत्र बसून नियोजन करता यावे म्हणून वेळापत्रकातच वेळ राखून ठेवावा लागतो. मान्यता मिळाली म्हणजे सुटलो, असेही नाही. साधारण दर पाच वर्षांनी शाळेचे पुन्हा मूल्यमापन होते. शिकवण्याची जी सहा सूत्रे तिने सांगितली आहेत, त्यांत एक सहकार्याचे आहे आणि एक मुलाच्या शिकण्यातले अडथळे दूर करण्याचे. ही दोन सूत्रे एकमेकांना जोडून वाचायला हवीत. वर्गातल्या एखाद्या मुलाला काय अडते आहे, हे एकट्या शिक्षकाला दिसेलच असे नाही. दिसले तरी त्यावर उपाय सुचेलच असे नाही. चार जण बसून बोलले तर सुचण्याची शक्यता वाढते. सर्वसमावेशक शिक्षण या जड शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ इतकाच आहे.

एक उदाहरण घेऊ. चौथीच्या वर्गाला 'पाणी' हा विषय शिकवायचा आहे. पंचगंगेचे पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कुठवर आले होते, हे कोल्हापुरातल्या मुलांना सांगावे लागत नाही. कितीजणांच्या घराच्या भिंतीवर त्याची खूण असेल. पाठ्यपुस्तकातला धडा वाचून प्रश्नोत्तरे लिहून घेणे ही एक पद्धत झाली. त्या पद्धतीत ज्याला भरभर वाचता येत नाही, तो पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडतो. शरीराने वर्गात असतो, एवढेच. दुसऱ्या पद्धतीत शिक्षक आधी ठरवतात की या पाठातून मुलांना नेमके काय कळायला हवे, आणि मग तिथपर्यंत जाण्याच्या तीन-चार वाटा काढतात. कोणी भिंतीवरच्या खुणा मोजील, कोणी आजीला विचारून आधीच्या पुरांची माहिती आणील, ज्याला लिहिणे जड जाते तो गल्लीचा नकाशा काढून पाणी कुठून शिरले ते दाखवील. ज्याला ऐकू कमी येते, त्याच्यासाठी सूचना फळ्यावरही लिहिल्या जातील. मूल्यमापन नकाशाचेही होईल आणि निबंधाचेही. पोहोचायचे ठिकाण सगळ्यांचे एकच राहते.

यात परदेशी असे काय आहे? काहीच नाही. मात्र याला वेळ लागतो, आणि तो वर्गात जाण्याआधी लागतो. आंतरराष्ट्रीय शाळा हा वेळ विकत घेऊ शकते, कारण तिच्याकडे पैसा असतो. मुंबईतल्या काही आयबी शाळांची वार्षिक फी दहा लाखांच्या पलीकडे आहे. त्या पैशातून शिक्षकाचे तास कमी ठेवता येतात, मदतनीस शिक्षक ठेवता येतो, विशेष शिक्षक आणि समुपदेशक नेमता येतात. म्हणजे ज्या शाळेच्या फाटकातच गावातली बहुतेक मुले गळून पडतात, तिच्या वर्गात कोणी मागे पडू नये याची उत्तम व्यवस्था आहे. जिथे कोणालाही फाटकात अडवत नाहीत त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ही व्यवस्थाच नाही.

फाटकाचाही एक कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखणे बंधनकारक केले. अल्पसंख्याक संस्थांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांपासून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरवला. सरकारचा युक्तिवाद खर्चाचा होता. पण या पाच महिन्यांत कायद्याच्या जागांवर जी चर्चा झाली, तिच्यात एक गोष्ट जवळजवळ कोणीच विचारली नाही. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचे अक्षर नाही ते मूल आरटीईतून इंग्रजी शाळेत बसल्यावर त्याच्या शिक्षिकेने काय करायचे, याची तयारी तिच्याकडून कोणी करून घेतली आहे का? फाटक न्यायालय उघडू शकते. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत न्यायालयाचा हात पोहोचत नाही.

लहान गावातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांची स्थिती या निमित्ताने बोलून टाकली पाहिजे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ पासून आहे. तरी सहीचा पगार एक आणि हातात पडणारा दुसरा, ही तक्रार नवी नाही. एप्रिलमध्ये सोडून दिलेली शिक्षिका जूनमध्ये शेजारच्या 'इंटरनॅशनल'मध्ये दिसते. जिथे शिक्षकच दर दोन वर्षांनी बदलतो, तिथे कोणत्याही कार्यशाळेचा उपयोग पुढच्या शाळेला होणार. स्केटिंगच्या मैदानावर खर्च करणाऱ्या संस्थेने त्यातला थोडा भाग पगारावर केला असता, तर कमानीवरच्या शब्दाला काही अर्थ आला असता.

हे सगळे सरकारी शाळेत आणता येईल का, असा विचार महाराष्ट्राने करून पाहिला आहे. २०१८ मध्ये, विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना, राज्याने स्वतःचे महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांना मराठी माध्यमातून आंतरराष्ट्रीय दर्जाचा अभ्यासक्रम देण्याची ती कल्पना होती. पहिल्या फेरीत १३ शाळा घेतल्या, पुढे ही संख्या ऐंशीच्या घरात गेली. त्यातल्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचे नाव राज्यभर झाले. लोकवर्गणी आणि गावाच्या जमिनीवर उभी राहिलेली ती शाळा बघायला माणसे लांबून येऊ लागली. शहरातले पालक जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून वाट पाहत थांबतात, हे दृश्य महाराष्ट्राला नवीन होते.

मग सरकार बदलले. २०२० च्या सुरुवातीला मंडळ गुंडाळण्यात आले आणि शाळा पुन्हा राज्य मंडळाकडे आल्या. ज्यांनी मंडळ काढले, त्यांना 'आंतरराष्ट्रीय' या पाटीचा मोह होता. दोन वर्षांत जग जिंकल्याची भाषा झाली. ज्यांनी बंद केले, त्यांनी पाटीबरोबर तिच्या मागे जे थोडेफार घडत होते तेही पुसले. त्या शाळांतल्या शिक्षकांना वेगळे प्रशिक्षण मिळत होते, ते आपसात बोलू लागले होते. मंडळ हवे की नको, हा वाद होऊ शकतो. माझ्या मते स्वतंत्र मंडळाची गरज नव्हतीच. पण त्या ऐंशी शाळांतल्या शिक्षकांच्या हाती या दोन वर्षांत काय लागले, ते इतर शाळांना देता येईल का, एवढे तरी बसून तपासायला काय हरकत होती? दोन्ही बाजूंनी शाळेकडे पाहिले ते राजकीय घोषणेच्या नजरेने.

मुंबई महापालिकेने पुढे दुसरा मार्ग धरला. २०२१-२२ च्या सुमारास तिने विलेपार्ले येथे आयबीची आणि माटुंग्यात केंब्रिजची, अशा स्वतःच्याच शाळा सुरू केल्या. महापालिकेकडे पैसा आहे आणि एकदोन शाळांपुरता तो पुरतोही. राज्याने २०२५ पासून पहिलीला सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणला. थोडक्यात, दर चार-पाच वर्षांनी आपण एक नवी पाटी शोधतो. शिक्षक तोच असतो. त्याच्या टाचणवहीत काय बदलले, हे कोणी उघडून पाहत नाही.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या साध्या वर्गात डोकावू. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून कामगार आले, त्यांची मुले तिथल्या शाळांत आहेत. घरी भोजपुरी किंवा मारवाडी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी, पुस्तकात आणखी वेगळी मराठी. शिरोळ, कागल, गडहिंग्लजच्या सीमेवरच्या गावांत घरची भाषा कानडी. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा पट्टा पडला की बीडकडून टोळ्या येतात. त्यांची मुले इथल्या शाळेच्या पटावर अर्धे वर्ष असतात, उरलेले अर्धे गावाकडे. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात धनगरवाड्यांवरून मुले जंगलवाटेने चालत येतात. प्रत्येक वर्गात एखाददुसरे मूल असे की त्याला दिसत कमी असते, ऐकू कमी येते, किंवा अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे जागा बदलतात आणि त्याला सगळे 'ढ' म्हणून मोकळे होतात. पत्रकात छापलेल्या 'बहुसांस्कृतिक वातावरणा'साठी मुंबईतल्या शाळा धडपडतात. इचलकरंजीच्या शाळेत ते वातावरण फुकट आहे आणि तिथल्या बाईंना ते आपल्या डोक्यावरचे ओझे वाटते, कारण पाच घरच्या भाषांची मुले एका वर्गात कशी शिकवावीत, हे त्यांना डी.एड.ला कोणी शिकवले नव्हते आणि नंतरही नाही.

नंतरचे प्रशिक्षण नाही असे नाही. उलट ते फार आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' नावाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. त्यात सर्वसमावेशक शिक्षणाचा भाग होता. महामारीत तो 'दीक्षा' या संगणकीय मंचावर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे सांगितले. तासांचे हे लक्ष्य आयबीच्या शिक्षकालाही लाजवील. पण तास भरतात कसे? ध्वनिचित्रफीत एका बाजूला चालू ठेवायची, दुसऱ्या बाजूला शालेय पोषण आहाराची नोंद करायची, शेवटच्या प्रश्नांची उत्तरे गटावर आलेली असतातच. प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, लिंक भरायची. गुरुजी कामचुकार आहेत म्हणून हे होत नाही. मतदारयादी, सर्वेक्षणे, माहिती मागवणारे रोजचे संदेश या सगळ्यांतून उरलेल्या वेळात प्रशिक्षण बसवले की ते असेच होणार. जे प्रत्यक्ष होते, त्याचीही तऱ्हा ठरलेली. राज्यावर शिकून आलेला जिल्ह्याला सांगतो, जिल्ह्याचा तालुक्याला, तालुक्याचा केंद्राला. चौथ्या पायरीवर पोहोचेपर्यंत ताकात पाणीच उरते.

दुसरी गोष्ट पगाराशी जोडलेली आहे. बारा वर्षे झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षे झाली की निवडश्रेणी, आणि त्या दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचे. त्यामुळे शिक्षकाच्या लेखी प्रशिक्षण म्हणजे वेतनवाढीच्या वाटेवरचा टोलनाका. टोल भरायचा आणि पुढे जायचे. त्यातल्या एखाद्या व्याख्यानाने दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात काय बदलावे, अशी अपेक्षा ना त्याची असते, ना घेणाऱ्याची.

अपंग मुलांच्या बाबतीत तर आपले कायदे कोणाच्याही मागे नाहीत. एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ ची. स्पेनमधल्या सालामांका येथे १९९४ मध्ये ९२ देशांची सरकारे जमली आणि वेगळ्या शाळांऐवजी सर्वांच्या शाळेत सर्व मुले, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. आपला अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा लगोलग १९९५ मध्ये आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद घेतली आणि शिकवण्याची पद्धत मुलाच्या गरजेप्रमाणे बदलणे हे शाळेचे कर्तव्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यामुळे दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. तरी गणित लक्षात घ्या. एका केंद्रात दहा-बारा शाळा. विशेष शिक्षक फिरता. आठवड्यातून एकदा तो एखाद्या शाळेत तासाभरासाठी येणार. उरलेले पाच दिवस ते मूल नेहमीच्याच शिक्षकासमोर बसणार. तेव्हा सगळा भार शेवटी त्या नेहमीच्या शिक्षकावर आहे.

हे सारे परक्या पुस्तकातून शिकायचे आहे, असे कोल्हापूरकरांनी तरी समजू नये. या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. करवीर पेट्यातल्या चिखलीत १९१८ मध्ये या कायद्याखालची पहिली शाळा उघडली. त्याहून मोठे पाऊल १९१९ चे. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा त्यांनी बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावले. वेगळी शाळा ही दया वाटते, पण ती वेगळेपण पक्के करते, हा सालामांकाचा विचार इथे पाऊणशे वर्षे आधी हुकूम म्हणून निघाला होता. शाहूंच्या नावाने आपण मोर्चे काढतो, पुतळ्याला हार घालतो. त्यांचा हा एक हुकूम शिक्षक-प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला वाचायला द्यावा, असे मात्र कोणाला सुचलेले नाही.

आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेले जे. पी. नाईक हे दुसरे नाव. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ घालणे भारतीय शिक्षणाला का जमत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. १९७५ मध्ये त्यांनी त्याच त्रिकोणावर पुस्तक लिहिले. कोठारी आयोगाने सुचवलेल्या अनेक गोष्टींत एक होती शाळा-संकुलाची. जवळपासच्या प्राथमिक शाळा एका मोठ्या शाळेभोवती गुंफायच्या, म्हणजे खेड्यातला शिक्षक एकटा पडणार नाही, साधने वाटून घेता येतील, चार शिक्षक एकत्र बसून विचार करतील. आयबीच्या वेळापत्रकातला राखीव वेळ आणि ही कल्पना यांच्यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. तिची फी मात्र लाखांत नव्हती.

कोल्हापूर शहरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक घडवण्याच्या क्षेत्रात वर्षे काढल्यावर त्यांनी एक छोटी मराठी प्राथमिक शाळा उभी केली आणि तिथे काय जमले, काय फसले, याचे अनुभव पुस्तकांतून सविस्तर लिहिले. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांची पुस्तके वाचून नगरपासून नागपूरपर्यंतचे शिक्षक आपले वर्ग बदलत राहिले, असे ऐकायला मिळते. त्यांच्याकडे मंडळ नव्हते, पाटी नव्हती. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था उभारली. पुढे उचगावला अपंग मुलांसाठी वसतिगृह आणि अपंग व धडधाकट मुलांनी एकत्र शिकावे अशी शाळा झाली. व्हीलचेअरवरचे मूल वर्गात येण्यासाठी काय लागते याचे उत्तर त्यांनी आधी बांधकामात दिले, शिकवण्यात नंतर. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला माहीत आहे. जिल्ह्यात असे नमुने असताना आपल्या शिक्षकांच्या सहली त्या फाटकांपर्यंत किती वेळा गेल्या?

सगळा दोष सरकारचाच, असे म्हणणे सोयीचे आहे. शिक्षक संघटना बदल्या, वेतन, जुनी निवृत्तिवेतन योजना यांवर शक्ती लावतात, आणि लावावी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा सक्तीची केली, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण शिकवण्याचे प्रशिक्षण नीट द्या, यासाठी कधी मोर्चा निघाल्याचे आठवत नाही. 'प्रशिक्षण नको' ही मागणी मात्र अधूनमधून ऐकू येते. वाईट प्रशिक्षणाचा कंटाळा इतका मुरला आहे की चांगले मागावे, हेच सुचेनासे झाले.

आयबीकडून घ्यायचे असेल तर तिचे नाव, तिचा अभ्यासक्रम, तिची परीक्षा यांतले काही घेऊ नये. शिक्षकांच्या एकत्र बसण्याचा वेळ तेवढा घ्यावा. त्याची जागा आपल्याकडे तयार आहे. नव्वदच्या दशकात राज्यात केंद्रशाळांची रचना झाली, ती शाळा-संकुलाच्याच कल्पनेतून आलेली. केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले, महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची असे ठरले. परिषद आजही भरते. सकाळी हार-नारळ, मग परिपत्रकांचे वाचन, मग कोणाची माहिती थकली आहे त्याची उजळणी, नंतर एखादा 'तज्ज्ञ मार्गदर्शक', जेवण, छायाचित्र, सह्या. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असला की परिषद उरकण्यावरच भर जाणार.

त्याच परिषदेत दोन तास बाजूला काढून प्रत्येक शाळेने आपले एक मूल समोर ठेवले तर? नाव न सांगता. हे मूल तिसरीत आहे, बेरीज तोंडी करते, लिहिताना चुकते. किंवा, हे मूल नोव्हेंबरात आले, मार्चमध्ये परत जाईल, त्याच्यासोबत काय द्यायचे? चाळीस शिक्षक, चारचारचे गट, आणि खोलीत आता विशेष शिक्षकही आहे. पुढच्या महिन्यात पहिला प्रश्न, मागच्या वेळी ठरवले ते करून पाहिले का आणि काय झाले. ऊसतोडीच्या मुलाबाबत तर बीडच्या त्याच्या शाळेतल्या गुरुजींना एक फोन करायचा आहे, इतकेच. मोबाईल सगळ्यांकडे आहे. हे धोरणातल्या ५० तासांतच धरता येते, कारण दहा महिन्यांचे दोन-दोन तास वीस होतात आणि उरलेल्यांसाठी 'दीक्षा' आहेच. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्याने भाषण न करता एखाद्या गटात नुसते बसावे. ऐकलेले लिहून ठेवावे. वर्षाअखेरीस जिल्ह्यातल्या शिक्षकांना नेमके काय अडते याची त्याच्याकडे जी वही तयार होईल, तशी वही आज पुण्यात राज्य परिषदेकडेही नसेल.

याला मोठा पैसा लागत नाही, पण अजिबात लागत नाही असे म्हणणे फसवे ठरेल. गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी परिषदेला गेले की चारही वर्ग दुसऱ्यांवर येतात, आणि दोघेही गेले तर शाळेला कुलूप. पटसंख्येच्या नव्या निकषांनी मार्च २०२४ नंतर शिक्षकांची पदे आणखी घटण्याची भीती डोंगरी शाळांना आहे. अशा शाळेचा शिक्षक मनाने वर्गातच अडकलेला असतो. परिषदेत बसून तो घड्याळ बघतो. त्या दिवसापुरता केंद्राने एक फिरता बदली शिक्षक ठेवावा, सेवानिवृत्त गुरुजी-बाईंपैकी कोणी चालेल, आणि मानधन जिल्हा परिषदेने आपल्या स्वनिधीतून द्यावे. डोंगरी तालुक्यांतल्या केंद्रांपुरती सुरुवात केली तरी रक्कम एखाद्या शाळेच्या रंगरंगोटीच्या खर्चाहून फार वर जाणार नाही. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये ठरते. शिक्षण विभागाकडून त्यासाठीची मागणी त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत जावी लागते.